भीतीला मी गॅस म्हणायचो

माझं नाव हेमराज. वाडीच्या गोदामांतून वीस वर्षं ट्रक काढला. उंची सहा फूट, मिशी त्याहून थोडी कमी. असा गडी मेहुणीच्या लग्नात फुगा फुटताच जेवणाच्या टेबलाखाली शिरला. बाहेर आलो तेव्हा पुरी हातातच होती. लोकांना सांगितलं, गॅस झाली.

त्याच्या आदल्या वर्षी, भर दुपारी, अमरावती रोडवर माझ्या ट्रकचा पुढचा टायर फुटला. ट्रक उलटला. शेजारी बसलेले जोडीदार ड्रायव्हर नत्थूजी जागीच गेले. माझं फक्त कोपर खरचटलं. सकाळी टायरला लाथ मारून "मस्त आहे" असं मीच म्हटलं होतं.

मग कुकरच्या शिट्टीलाही मी दचकू लागलो. डोळे मिटले की डिझेलचा वास यायचा. ट्रकवर जाणं बंदच केलं. कारण विचारलं की गॅस. एवढी गॅस असती तर घरी सिलिंडर लागला नसता.

शेवटी बायको चंद्रकला म्हणाली, "वर्षभर गॅसच्या गोळ्या खाऊन राहिले. आता डोक्याच्या डॉक्टरले दाखवा."

"मी काय पागल आहो?"

"पागल असते तं आतापर्यंत माहेरी गेली असती मी."

दवाखान्यात समुपदेशक मोनाली मॅडम भेटल्या. म्हणाल्या, "धोका संपला भाऊ, पण तुमच्या मेंदूले ते अजून समजलं नाही." दर आठवड्याला तोच अपघात सांगायला लावायच्या. पहिल्या खेपेला टायर फुटायच्या आधीच थांबून मी तीन ग्लास पाणी प्यालो. वर घरचा अभ्यास: रोज दहा मिनिटं पंक्चरच्या दुकानाशी उभं राहायचं. दुकानदार विचारायचा, "गाडी कुठं हाय?" मी म्हणायचो, "येऊन राहिली."

सातव्या खेपेला लाथेचं सांगितलं.

"टायरच्या आतलं दिसत होतं का तुम्हाले?"

नव्हतं. मी मिशीसकट रडलो.

मग नत्थूजींच्या बायकोकडे, भीमाबाईंकडे, रामटेकला गेलो. अंत्यविधीलाही मी तोंड दाखवलं नव्हतं.

"एवढे दिवस कुठं होता गा?"

"भेलो होतो, वहिनी."

"त्याईचा शेवटचा दिवस सांग. मले कोणी सांगतच नाही."

मी सांगितलं. नत्थूजी शेवटपर्यंत माझ्या गाण्याची टिंगल करत होते, हेही सांगितलं. त्या हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला.

आता शहरातल्या शहरात टेम्पो चालवतो. हायवेवर अजून जात नाही. मॅडम म्हणतात, घाई नाही. ट्रकमालकाला मात्र आहे.