ह्यूस्टनची वाट आणि लहान होत गेलेला पाव

आधी एक दुरुस्ती. नायजेरियातल्या बालपणाबद्दलच्या मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की बंडखोरांनी पाइपलाइन उडवली की नुकसान फक्त तेल कंपनीचं व्हायचं. ते चुकलंच. कसं, ते ह्यूस्टनला कळलं.

बाबा निवृत्त पाइपलाइन इंजिनियर. फुटलेली लाइन दुरुस्त करायला त्यांना नायजेरियाला परत बोलावलंय, त्यासाठीची भेट कंपनीच्या ह्यूस्टनच्या ऑफिसात होती. त्यांनी नायजेरियाला जाऊ नये म्हणून मीच म्हटलं, ह्यूस्टनला ड्राइव्ह करू. दोन दिवस गाडीत मन वळवता येईल.

शिकागोजवळचं आमचं नेपरव्हिल सोडलं तेव्हा कापलेल्या मक्याच्या शेतांवर धुकं होतं. इलिनॉय संपता संपत नाही. मग मिसिसिपी येते, इतकी रुंद आणि सावकाश की आपण पुलावर आहोत की ढगात, कळत नाही. गॅस, म्हणजे पेट्रोल, पूल ओलांडून मिसूरीत भरा, स्वस्त पडतो. दशम्या जवळ ठेवा, नाहीतर वाटेत फ्राइजवरच राहावं लागतं. मुक्कामाला लिटल रॉक बरं.

गॅस भरताना मी म्हटलं, "बाबा, ते परत पाइप फोडतील."

"मग परत जोडायचा."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"टायरची हवा बघितलीस का?"

माझी पहिली शाळा म्हणजे नायजेरियात, पोर्ट हारकोर्टमधलं आमचं जेवणाचं टेबल. रस्ते धोक्याचे, म्हणून आई घरीच शिकवायची. बाबा साइटवर जाताना एक गणित घालून जायचे. ते त्यांनीच परत येऊन तपासायचं, आई हात लावायची नाही. गणित सोडवून मी फाटकाकडे बघत बसायचे.

तिन्हीसांजेला ह्यूस्टनच्या पूर्वेला वळसा घेतला. रिफायनऱ्यांचे दिवे पाण्यात उतरले होते, एखादं शहर झोपेत तरंगत असावं तसे. बाबा काच खाली करून तेलाचा वास घेत राहिले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते भेटीतून बाहेर आले ते होकार देऊनच.

दुपारी ग्लोरी आंटींकडे जेवायला गेलो. त्या पोर्ट हारकोर्टमधल्या आमच्या शेजारी, तिथल्या सरकारी शाळेत शिक्षिका होत्या, आता ह्यूस्टनला मुलाकडे असतात. टोमॅटोतला तिखट जोलोफ भात आणि तळलेली केळी होती.

"आंटी, तुम्ही तरी सांगा यांना, जाऊ नका."

त्या बाबांना भात वाढत राहिल्या. "नाक्यावरचा पाव आठवतो तुला?"

"हो. लहान लहान होत गेला."

"का?"

"घ्या, परीक्षा सुरू!" बाबा हसले.

"तेल जहाजापर्यंत पोचलं नाही की डॉलर येत नसत. आमच्या नायराचा भाव पडायचा. गहू परदेशी, तो महागायचा. सरकारची तिजोरी तेलावर, म्हणून माझा पगार थांबायचा. तेलाच्या देशात आम्ही पेट्रोलच्या रांगेत! पाइप लांब कुठेतरी फुटायचा आणि माझ्या वर्गात मुलं उपाशी यायची." मग हळूच म्हणाल्या, "पाइप फोडणाऱ्यांच्या गावची खाडी सांडलेल्या तेलाने आधीच काळी झाली होती. तेही माझेच विद्यार्थी."

"म्हणजे बाबांनी जावं?"

"मी तुझी आई असते तर दाराला कुलूप घातलं असतं. शिक्षिका आहे, म्हणून गप्प आहे."

परतताना मी वाद घातला नाही. पुलावर पुन्हा धुकं होतं, बाबा शेजारी झोपले होते.

घरी आल्यापासून पाव कापताना हात थांबतो. त्यांनी जाऊ नये, असं मला अजूनही वाटतं. पण येत्या मंगळवारी ओहेअर विमानतळावर सोडायला मीच जाणार आहे. आणि ते आत जाण्याआधी त्यांच्याकडून एक गणित घालून घेणार आहे.