कावळ्याला दिलेला शब्द

सुधीर गेल्याचा फोन त्याच्या बायकोनेच केला. मी महाडच्या बाजारात होतो. भाजीची पिशवी तिथेच सोडून बिरवाडी गाठली. रडू नंतर आलं. आज महिन्याभराने लिहायला बसलो, तर दुःखाआधी वर येते ती किळस... स्पष्टच सांगतो, माणसांची.

सुधीर माझा जुना मित्र, कारखान्यात वायरमन. त्याच्या दोन खोल्यांतली एक एंजल माशांची. पतंगासारखे चपटे, लांब परांचे मासे. आंबेनळी घाटाखालच्या गावाहून आलेला पाहुणा हमखास विचारायचा, "कालवनाला चालतात काय रे?" त्याला सुधीर चहासुद्धा विचारत नसे. तिरसटच होता तो. पण माशांपुढे तासन्तास गप्प बसायचा. यांत नर कोण, मादी कोण, हे अंडी घालेपर्यंत त्यालाही खात्रीने सांगता येत नसे. "पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवायची, जोडी त्यांची ते जमवतात. आपण मध्ये पडलो की नासलंच," म्हणायचा. जोडी जमली की टाकीत जुन्या पाटीचा तुकडा उभा ठेवायचा. दोघं तो तोंडाने घासून लख्ख करत, मग मादी त्यावर ओळीने अंडी चिकटवी. दचकले तर आईबाप स्वतःचीच अंडी खातात, म्हणून त्या खोलीत मोठ्याने बोलायला बंदी होती.

दहाव्याच्या सकाळी वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, काल संध्याकाळी अंडी घातलीत. ही पिल्लं मी वाढवणार. ह्यांनी शिकवलंय मला."

आम्ही पुरुष सावित्री नदीवर गेलो. पिंडाला कावळा शिवेना. घर सांभाळतो, पोरीचं शिक्षण करतो, सगळं सांगून झालं. कुणीतरी पुटपुटलं, त्याचा जीव माशांत अडकलाय. थोरल्या भावाने हात जोडले. "सुध्या, तुजं मासं नदीत मोकलं करतो. मनात काय ठेवू नको." आणि कावळा शिवला.

मी म्हणालो, "दादा, नीट सांभाळतो म्हणायचं होतं. हे कोमट, संथ पाण्यातले. सावित्रीच्या ओढीत जगायचे नाहीत."

"शबूद दिला तो दिला. आनि मासा कदी पान्यात मरतो काय?"

वहिनींना कुणी विचारलंच नाही. घरी येऊन टाकीतले मासे बादलीत भरले, नदीत ओतले, पुतण्याने व्हिडिओ काढला. दगडांत आडवे झालेले मासे मी पाहिले, बाकीच्यांनीही पाहिले. मग पुण्य केल्याच्या थाटात मंडळी जेवायला बसली, भात परत मागून घेतला. मला शिसारी आली, ताटावरून उठलो.

आतल्या खोलीत वहिनी टाकीपुढे बसल्या होत्या. पाटीवर अंडी तशीच होती. आईबाप असते तर त्यांनी परांनी सारखा वारा घातला असता, नासून पांढरं पडलेलं अंडं तोंडाने वेचून काढलं असतं. वहिनींनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला होता आणि पाटीसमोर बोटं हलवत होत्या... अगदी हळू.

"असंच करतात ना ते, भावजी?"

मी हो म्हणालो. अंडी पांढरी पडायला लागली होती.