शुक्रवारची रिकामी ओळ

मोफत वाटलेल्या गोष्टीवर कुणी मालकी सांगितली की माझं डोकं आजही फिरतं. का, ते सांगते.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. कॉम्प्युटरची डिग्री घेऊन मी भिवंडीत, टेमघरला, घरी बसले होते. वडील लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कापडाचे तागे तपासायचे. मोठी बहीण दापोड्याच्या गोदामात मालाच्या नोंदी करायची, आणि मलाही तिथेच चिकटवायचं घरात जवळपास ठरलं होतं. मला गोदाम नको होतं. मला प्रोग्रामिंग करायचं होतं.

अशात ठाण्याच्या एका कंपनीनं बोलावलं. तिथल्या साहेबांनी काम दिलं: फंक्शनल प्रोग्रामिंगच्या तीन मोफत लायब्रऱ्या आणि त्या शिकण्याचं साहित्य, यांची तुलना करा, नवशिक्यानं कुठून सुरुवात करावी ते लिहा. लेख पसंत पडला तर नोकरी पक्की. फंक्शनल म्हणजे थोडक्यात असं, की हातात आलेली मूळ माहिती बदलायची नाही, प्रत्येक पायरीला तिच्यातून नवी काढायची. लायब्रऱ्या म्हणजे त्यासाठी लोकांनी लिहून सगळ्यांना खुले ठेवलेले प्रोग्रामचे तयार तुकडे.

मी जीव ओतला. घरी नेट नव्हतं, म्हणून सायबर कॅफेतून पानं उतरवून आणायची आणि लाइट असेल तेव्हा वाचायची. एका लायब्ररीचं पुस्तक प्रोफेसरांनी प्रोफेसरांसाठीच लिहिलेलं. पहिल्याच पानावर गणिताचा असा मारा, की नवशिक्यानं उठून पळावं. दुसरीचे धडे सुरुवातीला अगदी गोडीगुलाबीचे, आणि मग एकदम, 'पुढचं तुम्हाला कळेलच.' काय डोंबल कळेल! तिसरी दिसायला गबाळी, पण तिच्या मेलिंग लिस्टवर कितीही येडा प्रश्न विचारा, कुणीतरी अनोळखी माणूस न चिडता उत्तर द्यायचा. शिवाय तिची सगळी पानं नेटशिवाय उघडायची. मी तिसरीला पसंती दिली आणि कारणं ठणकावून लिहिली.

उदाहरण मात्र त्यांचं एकही घेतलं नाही. त्यांची ती फळांची दुकानं आणि पत्त्यांचे कॅट आमच्या पोरांना काय कामाचे? मी लूमचं घेतलं. आठवड्यात रोज किती तागे उतरले ते मांडायचं, डागी वेगळे काढायचे, उरलेल्यांची बेरीज करायची. शुक्रवारची ओळ रिकामी सोडली, कारण शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी गाव इतकं गप्प होतं की शेजारच्या घरातली फोडणी ऐकू येते. हे भिवंडीत कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून मीही लिहिलं नाही.

तिन्ही लायब्रऱ्यांची अट सारखीच होती: घ्या, वापरा, बदला, पण वर लिहिणाऱ्याचं नाव आहे ते पुसू नका. काय सुंदर अट! मी माझ्या लेखावरही नाव टाकलं, खाली टेमघर, भिवंडी.

साहेबांचा फोन आला. "छान आहे हो, पण जरा घरगुती वाटतं. आम्हाला प्रोफेशनल लागतं."

आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय बोलला तो? हाय का नोकरी?"

मी मान हलवली.

"न्हाय तं न्हाय. गोदाम हाय ना." तिनं मायेनं म्हटलं, म्हणून जास्तच लागलं. मी गोदामात गेले.

पुढे दशक संपता संपता कल्याणच्या एका छोट्या फर्ममध्ये कशीबशी शिरले. फर्मनं आम्हाला प्रशिक्षणाला पाठवलं. शिकवणारी कंपनी ठाण्याची, तीच. साहेब कुठे दिसले नाहीत. एक तरुण सर होते. त्यांनी पानं वाटली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीच तुलना. 'प्रोफेसरांनी प्रोफेसरांसाठी' हे वाक्यसुद्धा तसंच. वर कंपनीचं नाव, खाली 'सर्व हक्क राखीव'. अहो, ज्यांनी आयुष्यं घालून त्या लायब्रऱ्या लिहिल्या, त्यांनी एवढा हक्क कधी राखला नव्हता!

तागेही होते. सर म्हणाले, "हे बघा, शुक्रवारची माहिती हरवलीय. क्लायंटचा डेटा असाच घाणेरडा येतो. बाकी दिवसांची सरासरी काढून ही ओळ भरा."

मी उभी राहिले. "सर, हरवलेली नाहीये. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. आणि हा लेख माझा आहे."

वर्गात दोघं-तिघं हसले. सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, हे आमचं स्टँडर्ड मटेरियल आहे. बसा, ओळ भरा."

सगळ्यांनी भरली. बंद लूमवरून धडाधड तागे उतरले. मी माझी ओळ रिकामीच ठेवली. संध्याकाळी पेपर परत मिळाला, त्यावर लाल शाईत शेरा होता: 'उदाहरण समजलेलं नाही.'