मधूचा स्टँड

मधूच्या अंत्यविधीला मी सायकलचे बूट घालून गेलो.

विनिपेगच्या जानेवारीत कुणाकडेही जायचं तर पायात बर्फाचे बूट आणि हातात आत गेल्यावर घालायच्या बुटांची पिशवी, अशी आमची रीत. माझ्या बेसमेंटच्या जिन्यापाशी खुंटीला सारख्या दिसणाऱ्या दोन पिशव्या लटकत असतात. मी नको ती उचलली. फ्युनरल होमच्या बाकावर बसून ओले बूट काढले, पिशवीत हात घातला, आणि हाताला लागले ते काळे, चकचकीत, तळाला पेडलमध्ये अडकवायचा खटका असलेले बूट... आत गुरुजींनी सुरुवात केली होती. नुसत्या मोज्यांवर जावं, तर मोज्याला अंगठ्याशी भोक. तेव्हा घातले. गुळगुळीत फरशीवर टक, टक, टक असा आवाज करत, मधेच घसरत, टांग्याच्या घोड्यासारखा मी शेवटच्या रांगेपर्यंत गेलो. सगळ्यांनी वळून पाहिलं. मधूच्या बायकोनं, सुलभावहिनींनीही पाहिलं, आधी बुटांकडे, मग माझ्याकडे, आणि मान पुन्हा पुढे वळवली. मला त्या थंडीत घाम फुटला. कारण याच बुटांच्या साक्षीनं दोन वर्षांपूर्वी मी एक शब्द मोडला होता, आणि तो वहिनींना दिलेला होता.

बातमी आली तेव्हा मी ड्राइव्हवे शोव्हल करत होतो. मधूच्या मुलीचा, रेवाचा फोन. "अंकल, बाबा इज गॉन." न्यूमोनियानं चार दिवसांत उरकलं होतं. मी फावडं बर्फात तसंच उभं ठेवून आत गेलो आणि चहा केला, सवयीनं दोन कप. पन्नास वर्षांची सवय. आम्ही दोघं एकाच हिवाळ्यात इथे आलो, एकाच बिल्डिंगमध्ये राहिलो, एकच ओव्हरकोट आळीपाळीनं वापरला. मी हायड्रो प्लांटमधला इंजिनीयर, तो भूलतज्ज्ञ. "माझ्याकडे माणूस झोपवायला औषध लागतं, प्रभ्याला नुसतं बोलावं लागतं," असं तो पार्टीत माझ्यासमोर सांगायचा.

सत्तरीला येता येता मधूला पार्किन्सन्स झाला. हात थरथरायचे त्याचं त्याला फारसं काही वाटत नसे. त्याचा खरा छळ व्हायचा तो पायांनी. चालता चालता, विशेषतः दारात, पाय जागच्या जागी थिजायचे. वरचा मधू निघालेला आणि खालचा मधू जमिनीला खिळलेला. आयुष्यभर तरातरा चालणारा माणूस वॉशरूमच्या दारात पाच पाच मिनिटं उभा. आणि मग एका मे महिन्यात, बर्फ नुकतं वितळलं असताना, त्यानं मला बोलावून घेतलं. गॅरेजमध्ये जुनी सायकल बाहेर काढलेली. म्हणाला, "प्रभ्या, मला बसव आणि ढकल."

"तुला चालता येत नाही, मधू."

"चालायचं कुठे म्हणतोय मी?"

डॉक्टर असल्यामुळे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं: काही पेशंटना चालता येत नाही, पण सायकल चालवता येते. मी सीटला धरून ढकललं आणि डोळे मिटले. उघडले तर मधू कोपऱ्यावर पोचला होता. पाठ ताठ, हात हँडलवर घट्ट, पाय गोल गोल, अगदी लयीत, जणू आजार गॅरेजमध्येच विसरून आला होता. मी फुटपाथवर वेड्यासारखा टाळ्या वाजवत होतो. तेवढ्यात तो वळून परत आला आणि ओरडला, "धर, धर!" तेव्हा आम्हाला कळलं की यात एक गोम आहे. त्याला सुरू होता येत नव्हतं आणि थांबता येत नव्हतं. पाय टेकायची वेळ आली की पाय थिजणार आणि मधू आडवा. मी धावत जाऊन धरला, आणि त्या दिवसापासून मला कायमची नोकरी लागली. कुणी भेटलं की तो ओळख करून द्यायचा, "हा प्रभाकर. माझा स्टँड."

फ्रान्सचं वेड त्याचंच. दर जुलैत तिथली ती मोठी सायकल शर्यत तो टीव्हीवर बघायचा, पण कोण पुढे आणि कोण मागे याच्याशी त्याला देणंघेणं नसे. हेलिकॉप्टरमधून शेतं दिसू लागली की आवाज बंद करायचा. "ते रस्ते बघ प्रभ्या. कुणीतरी हातानं सोडून दिलेल्या दोरीसारखे." आमच्या मॅनिटोबात रस्ता म्हणजे फूटपट्टी. चढ म्हणाल तर अख्ख्या शहरात टेकडीच्या नावाला एक, तीही जुन्या कचऱ्यावर माती टाकून झालेली. एकदा फ्रान्सच्या त्या रस्त्यांवर सायकल चालवायचीच, म्हणून आम्ही दोन उन्हाळे त्या टेकडीवर चढलो आणि उतरलो. एका सकाळी वीस वेळा. कुत्री फिरवणारे लोक आम्हाला नावानं ओळखू लागले. मी या तयारीसाठी खटक्याचे बूट घेतले, कारण व्हिडिओत सगळे तेच घालतात. त्या बुटांनी मी थांबताना सात वेळा पडलो. मधू एकदाही नाही, कारण त्याला स्टँड होता.

वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या येणार नव्हत्या. निघण्याआधी त्यांनी मला स्वयंपाकघरात उभं केलं. "भावजी, दोन हातांच्या पलीकडे त्यांना जाऊ द्यायचं नाही. ते ऐकायचे नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतेय. तिथे एकटे पडले तर उठताही येणार नाही त्यांना." मी म्हणालो, शब्द देतो. मनापासून म्हणालो.

आणि मग फ्रान्समधलं बर्गंडी. काय सांगू. जूनची सकाळ, दोन्ही बाजूंना कुंपणापलीकडे पांढऱ्या गाई, मैलोनमैल एक गाडी नाही, आणि रस्ता असा की आत्ता वर, आत्ता खाली, वळला की चर्चचा मनोरा, पुन्हा वळला की तोच मनोरा दुसऱ्या हाताला. चढावर मी धापा टाकायचो आणि मधू आपल्या संथ गतीनं वर जाऊन माथ्यावर हसायचा. उतारावर तर तो वेगळाच माणूस होता. वाऱ्यानं शर्ट फुगलेला, टाळूवरचे चार केस उभे, आणि तोंडानं ऑपरेशन थिएटरमध्ये गुणगुणायचा तसं काहीतरी गुणगुणणं. चार दिवस मी दोन हातांचं अंतर पाळलं. सीट धरून सुरू करून द्यायचं, गावात पोचलो की आपण आधी उतरून पुढे उभं राहायचं आणि तो आला की मिठी मारून थांबवायचं. हॉटेलवाल्यांना वाटायचं आमचं फारच प्रेम आहे.

पाचव्या दिवशी चेरी आल्या. एका शेतघराच्या भिंतीवरून फांदी रस्त्यावर वाकलेली, लालभडक. मी म्हटलं दोन तोडू, मधू हळूहळू पुढे जाईल, मिनिटात गाठू. दोनाच्या वीस झाल्या. पुढे बघतो तर रस्ता मोकळा.

सायकल दामटली. उतार संपला तिथे फाटा. मी डावा रस्ता धरला. मैलभर गेलो, शेवटी नदी आणि बंद गिरणी. मधू नाही. परत फाट्याशी. मधूला थांबता येत नव्हतं. समोर ट्रॅक्टर आला तर? चेन उतरली तर? कुठल्या चरात तो पडला असेल, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी या देशात सगळ्या खिडक्या बंद... वहिनींचा आवाज कानात, दोन हात, भावजी, दोन हात.

तेवढ्यात भिंतीवरची फांदी जिची होती ती बाई मागून चालत आली. विचारायचं तर फ्रेंचमध्ये. मला फ्रेंच येतं असा माझा पक्का समज होता, कारण कॅनडात दुधाच्या पिशवीपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत सगळ्यावर ते छापलेलं असतं आणि पन्नास वर्षं मी ते नाश्त्याला वाचत आलोय. ऐन वेळी मला तीनच वाक्यं आठवली. साखर घातलेली नाही. वापरण्यापूर्वी हलवा. उघडल्यावर थंड जागी ठेवा. मी दुसरं वाक्य वापरलं आणि मधूचे हात करून दाखवले. ती बाई माझ्या ओठांवरच्या चेरीच्या रसाकडे बघत राहिली, मग शांतपणे उजव्या रस्त्याकडे बोट केलं.

उजवीकडे दोन मैलांवर गाव. चौकात शिरलो आणि ब्रेक लावायचं विसरलो. मधे कारंजं, भोवती चेस्टनटची झाडं, आणि कारंज्याभोवती मधू. गोल. गोल. गोल. लोखंडी गोळे फेकून खेळणारे दोन म्हातारे खेळ सोडून उभे. कॅफेची मालकीण दारात पाण्याचा ग्लास घेऊन, तो समोरून गेला की हात पुढे करायची, तो मान हलवून पुढे. चार पोरं त्याच्या चकरा मोठ्यानं मोजत होती. पडलेला नाही, रडवेला नाही. चेहरा असा, की रेवा जन्मली तेव्हाही मी तो तसा पाहिला नव्हता.

"मधू!" मी ओरडलो. "थांब, मी धरतो!"

"अजून दोन," तो माझ्या बाजूनं जाता जाता म्हणाला. "या लोकांनी मला धरायला बघितलं. मी म्हटलं, नको, माझा स्टँड येतोय."

दोन म्हणून पाच झाल्या. मग मी सायकलवरूनच त्याला कवेत घेतलं आणि माझा उजवा बूट पेडलमध्ये अडकलेला आहे हे मला त्या क्षणी आठवलं. आम्ही दोघं सायकलींसकट आडवे झालो. मी खाली, तो वर. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. मधू माझ्या पोटावर पडल्या पडल्या इतका हसला की त्याला उठवायला ते दोन म्हातारे लागले.

"वहिनींना यातलं काही सांगायचं नाही," मी कॅफेत त्याला बजावलं.

"मी कशाला सांगतोय," मधू म्हणाला आणि थरथरत्या हातानं माझ्या प्लेटमधले बटाटे उचलले.

त्यानंतर एक उन्हाळा तो इथल्या रस्त्यांवर सायकल चालवत होता. पुढच्या शरदात तेही संपलं. मी मात्र त्या अर्ध्या तासाचं ओझं घेऊन फिरत राहिलो. वहिनी चहा द्यायच्या आणि मी तो अर्धा टाकून निघायचो.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. त्या कॉन्डोत, छोट्या फ्लॅटमध्ये जातायत, घर रिकामं करायचंय. "भावजी, जमिनीवरच्या पट्ट्या काढायला या. माझा गुडघा वाकत नाही." मधूचे पाय थिजू नयेत म्हणून घरभर, प्रत्येक दारात, पिवळ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा होत्या. रेघ दिसली की ती ओलांडायला म्हणून त्याचा पाय उचलला जायचा. दिवाणखान्यातून स्वयंपाकघर, तिथून जिना, तिथून बेसमेंट. मी गुडघ्यांवर बसून एकेक खरवडत होतो. वहिनी पेपरात कप गुंडाळत इकडून तिकडे जात होत्या आणि प्रत्येक रेघेपाशी पाय उचलत होत्या. मी काढलेल्या रेघांपाशीसुद्धा.

स्वयंपाकघराच्या दारातली पट्टी काढताना, मान खाली होती म्हणूनच जमलं. म्हणालो, "वहिनी, एक सांगायचं राहिलंय. फ्रान्समध्ये मी त्याला सोडलं होतं. अर्धा तास तो एकटा होता. काहीही होऊ शकलं असतं."

त्यांनी पुढचा कप उचलला.

"चेरी खात होतात ना?"

मी वर पाहिलं. त्या कप हातात धरून उभ्या होत्या.

"ह्यांनी एअरपोर्टवरून घरी पोचेपर्यंत सगळं सांगून टाकलं होतं," त्या म्हणाल्या. "नंतरही, पार शेवटपर्यंत, दर थोड्या दिवसांनी तेच. कारंजं, म्हातारे, पोरं मोजतायत. मी पहिल्यांदा खूप चिडले. तुम्हाला फोन लावणार होते. तर हे म्हणाले, नको लावूस. मी विचारलं, भीती नाही वाटली? तर म्हणाले, सुलू, अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात छान अर्धा तास तोच होता. प्रभ्या नव्हता ना."