खुणेचे दगड चुलीला

भटकंती मंडळाच्या सभासदांनो, राग आवरत नाही म्हणून आजची गोष्ट आजच या फळ्यावर लिहितो.

मागून सावकाश येणाऱ्यांसाठी मी गेल्या रविवारी टेकडीच्या वाटेवरच्या दगडांना चुना लावला होता. आज फाट्यावरचे तीन खुणेचे दगड आपल्याच लोकांनी उचलून चहाची चूल मांडली.

"तेच दगड का घेतले?" मी विचारले.

"पांढरे व्हते, साफ दिसले," दिगंबर हसला. "दगडासाठी काय रडून राह्यला?"

तिकडे आपले म्हातारे दत्तूकाका फाट्यावर चुकले आणि दोन तास उन्हात पाण्यावाचून फिरले. आल्यावर मला हळूच म्हणाले, "पोरा, माझी नजर गेली बघ. एक खूण दिसली न्हाई."

काकांची नजर शाबूत आहे. हे त्यांना कोण सांगणार?