धुतलेलं तूस

खिडकीतून उन्हाची तिरीप आली की वहिनी तिच्यात वाळूची नाहीतर भुशाची मूठ धरायच्या, हळूच सोडायच्या आणि खाली काय पडलं ते न बघता वर काय तरंगतंय ते बघायच्या. मग निकाल: "उडून राहिलं, भाऊ. नाही जमायचं."

भाऊ म्हणजे मी, टोकरखाड्याच्या आमच्या इमारतीतला त्यांचा खालचा शेजारी. त्यांचे यजमान राखोलीच्या कारखान्यात माझ्याबरोबर सुपरवायझर होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मांजराच्या शी-शूसाठी विकतची माती मिळते असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर आम्ही पोट धरून हसलो असतो.

मांजर वहिनींची नव्हतीच. त्यांना ती आवडायचीही नाही, पायात आली की "हट्!" म्हणून साडी सावरायच्या. मांजर सासूबाईंची. सासरे गेल्यावर म्हातारी खानदेशातलं गाव सोडून लेकाकडे आली ती ही पांढरी मांजर कुशीत घेऊनच. इमारतीत सगळीकडे गुजराती नि हिंदी, वहिनी धुळे शहरातल्या, घरात मराठीच बोलणाऱ्या. म्हातारीची अहिराणी ऐकून घेणारी ती मांजर तेवढी. आणि म्हातारीला दमा होता.

तिसऱ्या मजल्यावर मांजरीने उकरायचं कुठे? बाल्कनीत घमेलं ठेवलं. दमणगंगेची वाळू फुकट मिळाली, पण वाऱ्याने उडायची. सामरवरणीच्या वखारीतला भुसा आणला, तर मांजर शिंकून बेजार. शेजारच्यांची जुनी वर्तमानपत्रं फाडून घातली, तर पांढरं पोट शाईने काळं झालं. मी म्हटलं, "वहिनी, मांजर आता गुजराती वाचणार." त्या हसल्या नाहीत. "चाटते ना ती. शाई पोटात जाईल तिच्या."

मग आली चुलीची राख. त्या दुपारी म्हातारीला अशी धाप लागली, की डॉक्टरला घरी बोलवावं लागलं. यजमान म्हणाले, "बस झालं. रविवारी मांजर पुलापलीकडे सोडून येतो." म्हातारीने पुढ्यातलं ताट तेवढं बाजूला सारलं.

"रविवार तर येऊ द्या," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या भातगिरणीत. मीच स्कूटरवरून नेलं होतं. गिरणीवाल्याने तुसाचं पोतं भरता भरता विचारलं, "बेन, मुर्गी कितनी है?"

"मुर्गी नहीं, मांजर है."

"मांजर भूसी खाती है?"

वहिनींनी पदर खोचला आणि पोतं उचललं.

ते तूस त्यांनी गरम पाण्यातून काढलं, पाणी नितळ येईपर्यंत धुतलं, गच्चीवर वाळवलं, पिठाच्या चाळणीने चाळलं. मग चपला काढून स्वतः घमेल्यात उभ्या राहिल्या. अख्खी इमारत बघत होती. "टोचतंय," म्हणाल्या आणि सगळं परत भिजवून हाताने चोळायला बसल्या. तळवे लाल झाले होते.

रविवारी यजमान रिकामं पोतं घेऊन उभे. वहिनींनी उन्हात मूठ धरली, सोडली. वर काहीच तरंगलं नाही. मांजर घमेल्यात शिरली, ऐटीत उकरू लागली. म्हातारी शेजारी बसून बघत होती. श्वास संथ चालला होता. यजमानांनी पोतं खांद्यावर टाकलं आणि आणखी तूस आणायला गिरणीत गेले.

वापरलेलं तूस वहिनी इमारतीमागच्या जास्वंदीखाली पुरायच्या. "खायच्या झाडाला नको."

कारखान्यात मी अवाढव्य यंत्रं उभी राहताना पाहिली, पण थक्क झालो तो या बाईपुढे. आवडत्या जिवासाठी राबणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. न आवडणाऱ्यासाठी इतकं राबणारं माणूस मला तरी दुसरं भेटलेलं नाही.

पुढे त्यांची नाशिकला बदली झाली. जास्वंद अजून फुलते, पण मला वहिनी आठवतात त्या म्हातारी गेल्यानंतरच्या. आता मांजरीची रवानगी होणार, असं मी धरूनच चाललो होतो. आणि एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो, तर वहिनी तूस पसरत होत्या. मांजर टाकीच्या सावलीत एकटीच बसलेली. वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं. मी जिन्यातच थांबलो. मग घरात कधी न बोललेल्या अहिराणीत, अडखळत, सासूच्या आवाजात त्या म्हणाल्या,

"काय करी ऱ्हायनी वं माय? ये, आठे ये."