बुचाच्या मुठीवरचा तिसरा डाग

गळकाठी आमच्या दोघांत एक होती. मी तेलुगू मुलखात, तलमडुगु मंडलातल्या मराठी शाळेत मास्तर, आणि माझा मित्र मंडल कार्यालयात कारकून. नागपूरला एका लग्नाला गेलो असताना दोघांनी मिळून ती घेतली. रीळवाली, धरायला बुचाची मूठ. एक रविवार माझा, एक त्याचा. मूठ साफ करायचं काम मात्र माझ्याकडेच आलं, कारण त्याला तो चिकटपणा कधी दिसतच नसे.

बूच पाण्यावर तरंगतं, पण हाताचा घाम, माशाची बुळबुळ, गळाला लावायची कणीक, सगळं बारीक छिद्रांत धरून ठेवतं. मी ओल्या फडक्याला भांड्यांचा साबण लावून पुसायचो, खड्ड्यांतून जुना मऊ टूथब्रश फिरवायचो आणि काठी सावलीत टेकवून ठेवायचो. फारच काळं पडलं तर बारीक काचकागद, तोही हलक्या हातानं, नाहीतर मूठच झिजते. वाळल्यावर जवसाच्या तेलाचं बोट.

त्यामुळे ती मूठ मला तोंडपाठ होती. माझा अंगठा रिळाच्या जरा मागे टेकतो. मित्राचा पंजा मोठा, त्याचा काळपट पट्टा त्याच्याही खाली. त्या वर्षी पावसाळा सरल्यावर रिळाच्या पुढे, जिथं आम्ही दोघंही हात लावत नाही, तिथं एक तिसरा डाग धरू लागला. लहान हाताचा.

मी मित्राला विचारलं, "काठी कोणाले देतो काय रे?"

"नाही बा. काऊन?"

"असंच."

तो लगेच कापसाच्या भावाचं बोलू लागला. एरवी ज्याला कापसाशी काही घेणं नाही, तो! मला ते खटकलं. आणखीही एक होतं. पूर्वी रिकाम्या हातानं परतणारा हा माणूस आता त्याच्या पाळीला आमच्या घरी मरळ मासे पाठवू लागला होता. आमच्या ओढ्याच्या डोहात तेवढी मरळ मी पाहिली नव्हती. पलीकडच्या मोठ्या तलावात होती, पण तो मच्छीमारांच्या सोसायटीकडे, तिथं बाहेरच्यांना गळ टाकायची मनाई. आपल्या काठीनं तिथं कोणी चोरून मासे धरत असेल, तर उद्या नाव सरकारी मास्तराचंही येणार. मी वर्गात शिकवतानासुद्धा त्याच्याच हिशेबात असायचो.

एका सोमवारी मोरीत बसून मूठ धुवायला घेतली. त्या पुढच्या डागावर या वेळी साबणाची वडीच घासली आणि फेस लालभडक झाला. मी काठी खाली ठेवली. बायकोला हाक मारली, "हे पाय. रक्त."

ती वाकली, फेस बोटावर घेतला आणि सरळ झाली. "रक्त कायचं? हळद हाय. साबण लागला की हळद लाल होते, कधी कपडे धुतले असते तर मालूम असतं." मग तिचा चेहरा बदलला. "पण हळदीचा हात बाईचा असते. कोण बाई हाय वो तुमच्यासंगं?"

"माझ्यासंगं? माझ्या पाळीचं नाही ते!"

"मंग भाऊजीच्या संगं कोण हाय?"

म्हणजे आता संशय दोघांच्या डोक्यात, आणि तिचा माझ्यावरचाही पुरता गेलेला नव्हता. मित्राची बायको साधी, घरातून फारशी बाहेर न पडणारी, म्हणून माझी बायको जास्तच संतापली. "जा अन् पाहून या," म्हणाली. "नाहीतर मी जातो."

त्याच्या पाळीच्या रविवारी मी गाडी दूर बाभळीखाली लावली आणि शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं चालत डोहाकडे गेलो. आपण हे काय करून राह्यलो, असं वाटत होतं, तरी पाय थांबत नव्हते. मित्र मोहाच्या झाडाखाली उताणा पडून मोबाईल पाहत होता. पाण्याच्या काठाशी पाठमोरी एक बाई उभी होती, पदर खोचलेला. तिनं काठी मागं नेली आणि गळ असा फेकला, की थेट पलीकडच्या खडकाच्या सावलीत पडला. मी तिथपर्यंत कधी पोचलो नव्हतो.

ती वळली. मित्राचीच बायको.

"काय भाऊजी," ती म्हणाली, "तपासणीले आले काय?"

मित्र उठून बसला, पण माझ्याकडे पाहीना. मग तिनंच सांगितलं. बाजारहत्नूरकडचं तिचं माहेर ओढ्यालगत; लहानपणी ती बांबूच्या काठीनं मासे धरायची. लग्नानंतर ते सुटलं. सासूबाईंच्या मते कारकुनाच्या बायकोनं गळ टाकणं शोभत नाही, म्हणून त्यांना माहेरी जातो सांगून दोघं निघायचे. ती स्वयंपाक उरकून तशीच गाडीवर बसायची.

"मंग मले काऊन नाही सांगितलं?" मी मित्राला विचारलं.

"ऑफिसात सगळ्याइले सांगून बसलो ना, मासे मीच धरतो म्हणून," तो म्हणाला. "पण तू मागं मागं येशील, हे नाही वाटलं."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन आली. पुढच्या पाळीला वहिनी स्वतः स्कूटी घेऊन काठी न्यायला दारात उभी राहिली. सासूबाईंना कळलं; आठवडाभर त्यांनी मासे खाल्ले नाहीत, मग खाऊ लागल्या.

मित्र मात्र बरेच दिवस तुटक वागला. एकदा बसस्टँडवर चहा पिताना त्यानं विचारलंच, "खरं सांग. त्या दिवशी तुले काय वाटलं होतं?"

"तलावाची काही भानगड असंल, असं वाटलं."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि कप खाली ठेवला.